१२३४५६७८९८७६५४३२१ (डेम्लो संख्या)

१२३४५६७८९८७६५४३२१ ही 17 अंकी संख्या म्हणजे नऊ एकांचा वर्ग, 111111111 × 111111111. आपल्या पद्धतीने वाचायची तर 123 कोटी 45 लाख 67 हजार 898 कोटी, 76 लाख 54 हजार 321, एका दमात वाचून दाखवा बघू. उलटसुलट कशीही वाचा, सारखीच.

अशी का येते ते शाळेसारखा उभा गुणाकार मांडला की लगेच कळतं. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली, त्यामुळे बेरीज करताना रकान्यात आधी 1, मग 2, मग 3 असे एक वाढत वाढत मधे 9 होतात आणि परत उतरतात. हातचा कुठेच येत नाही, सगळी गंमत तीच. दहा एक घेतले की मधे 10 होतात, हातचा येतो आणि उत्तर 1234567900987654321 येतं, म्हणजे नक्षी बिघडली.

121, 12321 या सगळ्या कुटुंबाला डेम्लो संख्या हे नाव दिलं द. रा. कापरेकरांनी (1905-1986), देवळालीच्या शाळेतले मास्तर, 6174 हा ‘कापरेकर स्थिरांक’ शोधणारे तेच. डेम्लो म्हणजे जीआयपी रेल्वेवरचं (आजची मध्य रेल्वे) स्टेशन, आजचं आपलं डोंबिवली, तिथे त्यांना ही कल्पना सुचली म्हणून स्टेशनचंच नाव ठेवलं! त्यांची अट अशी की डावा आणि उजवा तुकडा मिळवला की मधलाच अंक पुन्हा पुन्हा यावा. इथे 12345678 + 87654321 = 99999999, आणि मधे 9, बसलं की नाही.

अंकांची बेरीज 81. या 81 ने संख्येला पूर्ण भाग जातो (उत्तर 152415789971041, म्हणजे 12345679 चा वर्ग), म्हणून ही हर्षद संख्यासुद्धा, आणि ते नावही कापरेकरांचंच. उलट 81 ने गुणलं तर 999999999 चा वर्ग मिळतो. मूळ अवयव 3⁴ × 37² × 333667², म्हणजे विभाजकांची संख्या 5 × 3 × 3 = 45. ती विषम आहे कारण पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते.

कॉम्प्युटरला मात्र ही संख्या जड जाते. एक्सेल 15 च अंक धरतं त्यामुळे सेलमध्ये टाकली तर शेवटच्या 321 चे 300 होतात, आणि जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत साधी टाइप केली तर शेवटचा 1 जाऊन 0 येतो कारण 9007199254740992 च्या पुढे (हा 2 चा 53 वा घात) तिथे विषम संख्या साठवताच येत नाहीत. तिथे शेवटी n लावून बिगइंट (मोठ्या पूर्णांकांसाठीचा प्रकार) केली की सगळे 17 अंक जसेच्या तसे राहतात.