क्युप्रस क्लोराइड

तांब्याचे एकसंयुजी क्लोराइड. रेणुभार ९९, घनता ४.१४ ग्रॅम/घ.सेंमी., वितळबिंदू सुमारे ४२५° से. शुद्ध चूर्ण पांढरे शुभ्र असते. दमट हवेत ते हिरवे पडते, कारण ऑक्सिडीभवनाने द्विसंयुजी तांब्याचे क्षारकीय क्लोराइड तयार होते. म्हणून रंग हीच त्याची पहिली आणि पुष्कळदा पुरेशी कसोटी होय.

मोकळा एकसंयुजी ताम्र आयन पाण्यात टिकत नाही. त्यातून धातुरूप तांबे आणि द्विसंयुजी आयन निर्माण होतात. हे क्लोराइड टिकते ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही म्हणून. क्लोराइड आयन जास्त असतील तर मात्र जटिल आयन (तांब्याला जादा क्लोराइड आयन जोडून बनलेले) तयार होऊन ते विरघळते. संहत हायड्रोक्लोरिक अम्लात आणि अमोनियातही ते विरघळते, आणि असे विद्राव कार्बन मोनॉक्साइड शोषून घेतात.

कृती : २५ ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) व ७ ग्रॅम मीठ ८० मिलि. गरम पाण्यात विरघळवावे. ७.५ ग्रॅम सोडियम सल्फाइट ४० मिलि. पाण्यात घेऊन ते ढवळत, थेंबाथेंबाने या विद्रावात सोडावे. क्रम उलटा करू नये : सल्फाइट जास्त आणि क्लोराइड कमी अशी स्थिती आली की तांबूस सल्फाइट लवणे साक्यात (विद्रावातून खाली बसणाऱ्या घन पदार्थात) मिसळतात. क्षपण (द्विसंयुजी तांब्याचे एकसंयुजी होणे) होताना अम्ल तयार होते व सल्फर डायऑक्साइड सुटतो, त्यामुळे काम धूरकक्षातच करावे. निळा रंग गेल्यावर मिश्रण थंड करून अर्धा लिटर गार पाण्यात ओतावे. या पाण्यात आधीच चिमूटभर सल्फाइट व थोडे हायड्रोक्लोरिक अम्ल घातलेले असावे. जटिल रूपात अडकलेले क्लोराइडही आता खाली बसते.

खरी कसोटी लागते ती धुताना. नुसते पाणी वापरल्यास ओला साका गाळणीवरच हिरवा होऊ लागतो. आधी सल्फर डायऑक्साइडयुक्त पाणी, मग शुद्ध ॲसिटिक अम्ल, अल्कोहॉल आणि शेवटी ईथर या क्रमाने धुवावे. साक्यातून हवा ओढली जाऊ नये म्हणून त्यावर सतत द्रवाचा थर ठेवावा. ईथर ज्वालाग्राही असल्याने जवळ ज्योत नको. निर्वातात सुकवून घट्ट बुचाच्या बाटलीत भरावे. सैद्धांतिक उत्पादन ९.९ ग्रॅम.

सँडमायर विक्रियेत (१८८४) डायझोनियम लवणापासून (ॲनिलिनापासून बनणाऱ्या नायट्रोजनयुक्त लवणापासून) क्लोरोबेंझीन मिळवताना हेच वापरतात. जुना हिरवा साठा टाकून देऊ नये. तो संहत हायड्रोक्लोरिक अम्लात विरघळवून तांब्याच्या कातरणासह गरम केला की गडद तपकिरी विद्राव फिका होत जातो. रंग उरला नाही की गाळून भरपूर पाण्यात ओतावा. पांढरे क्लोराइड पुन्हा हाती येते.