यूएसबीचं सॉकेट आहे म्हणून नॅनोचा कीबोर्ड होत नाही

घरी बनवलेला कीबोर्ड. मॅट्रिक्स (कळांच्या आडव्या रो आणि उभ्या कॉलमच्या तारांची जाळी) बरोबर, डायोड बरोबर, सोल्डरिंग स्वच्छ आणि मधोमध आर्डुइनो नॅनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड. केबल लावली की एलईडी लागतो, पण कळ दाबल्यावर स्क्रीनवर ढिम्म काही उमटत नाही. मग कुणीतरी हमखास सांगतं, ‘सीएच३४०चा ड्रायव्हर टाक.’ हा सल्ला देणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. सीएच३४० ही बऱ्याच नॅनोंवरची यूएसबी-सिरीयल चिप. त्या ड्रायव्हरने कॉम पोर्ट (सिरीयल जोडणी) दिसेल, कीबोर्ड नाही.

नॅनो बहुतेकांनी हाताळलेला असतो, त्याची ओळख नको. शेजारी प्रो मायक्रो (घरगुती कीबोर्डसाठी वापरतात तो दुसरा छोटा बोर्ड) ठेवला तर तो थोडा आखूड दिसतो: नॅनो ४५ मिमी, हा ३३. नॅनोला एका बाजूला १५ पिना, ह्याला १२. फ्लॅश (प्रोग्रॅम साठवायची जागा) दोघांचीही ३२ केबी. रॅम २ केबी की अडीच, यावर लोक तावातावाने भांडतात. साध्या कीबोर्डला त्याचं काही देणंघेणं नाही.

घोळ आहे तो सॉकेटच्या मागे. यूएसबीला काहीही जोडलं की संगणक आधी विचारतो, तू कोण? याचं उत्तर देते ती चिप, जिला डी-प्लस आणि डी-मायनस या दोन तारा जोडलेल्या असतात. नॅनोवर त्या तारा मुख्य एटीमेगा३२८पीपर्यंत जातच नाहीत, कारण त्या चिपमध्ये यूएसबीची सोयच नाही. त्या जातात सीएच३४०कडे (अस्सल नॅनोवर एफटी२३२कडे). या मधल्या चिपचं उत्तर कारखान्यातच ठरलेलं असतं: ‘मी सिरीयल पोर्ट.’ तुमचा कोड बसतो ३२८पीमध्ये, आणि तो फार तर टीएक्स पिनवरून मधल्या चिपकडे बाइट ढकलू शकतो. संगणकाला ती चिप काय ओळख देते, यावर त्याचा काही अधिकार नाही. म्हणूनच बोर्ड नॅनो निवडून कीबोर्ड लायब्ररीचा कोड टाकला की तो कंपाइलसुद्धा होत नाही.

प्रो मायक्रोवर मधला माणूसच नाही. दोन्ही तारा थेट एटीमेगा३२यू४मध्ये शिरतात आणि ‘मी कीबोर्ड’ हे उत्तर तुमचं फर्मवेअर (चिपमध्ये भरलेला प्रोग्रॅम) देतं. ड्रायव्हर लागत नाही. बायोसमध्ये चालतो, ओटीजी अडॅप्टर लावून फोनवरही चालतो. नॅनोवाल्यांची पळवाट म्हणजे संगणकावर पायथन स्क्रिप्ट चालवून सिरीयलवरून आलेल्या अक्षरांचं टायपिंग करणं. ती लॉगिन झाल्यानंतरच सुरू होते. पासवर्ड टाकायला दुसरा कीबोर्ड लागत असेल, तर त्याला कीबोर्ड म्हणू नये.

‘पण व्ही-यूएसबी आहे ना?’ आहे. ३२८पीवर सॉफ्टवेअरमधून यूएसबी चालवता येते आणि क्यूएमके या कीबोर्डच्या तयार फर्मवेअरमध्येही त्याची सोय आहे. मात्र नॅनोचं सॉकेट तिथे कामाचं नाही. वेगळं सॉकेट, दोन्ही तारांवर ६८ ओहमचे रेझिस्टर, ३.६ व्होल्टचे दोन झेनर डायोड आणि डी-मायनसला दीड किलो-ओहमचा पुल-अप रेझिस्टर, एवढं सगळं जोडून हाती येते ती लो-स्पीड यूएसबी. शिकायला मजेशीर आहे. रोज टाइप करायच्या कीबोर्डसाठी हा खटाटोप करू नका.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत खरेदी करताना बोर्डाच्या नावावर विसंबू नका. प्रो मिनी आणि प्रो मायक्रो ही नावं ऐकायला जुळ्या भावांची, लांबीकडच्या पिनाही दोघांना बारा-बारा, पण प्रो मिनीवर ३२८पी असतो आणि यूएसबीचं सॉकेटही नसतं. उलट नॅनो ३३ आयओटी नावाने नॅनो असूनही त्याच्या चिपमध्ये यूएसबी आहे. म्हणून नाव सोडा, बोर्डावरच्या मोठ्या चौकोनी चिपचे पाय मोजा. एका बाजूला ८ असतील तर ३२८पी, ११ असतील तर ३२यू४.

प्रो मायक्रो घेतल्यावर अडखळायची जागा म्हणजे पिनांची नावं. बोर्डावर ‘२’ छापलेली पिन क्यूएमकेमध्ये डी१ आहे, ‘३’ ही डी०, ‘५’ ही सी६. ‘४’ मात्र योगायोगाने डी४, आणि त्यामुळेच लोक बाकीच्याही तशाच धरून चालतात. मग एक अख्खा कॉलम मुका राहतो आणि शिव्या डायोडला. डायोडचं एवढंच पाहा: १एन४१४८, कळेमागे एक, फर्मवेअरमध्ये दिशा कॉल-टू-रो (कॉलमकडून रोकडे) ठेवली असेल तर काळी पट्टी रोच्या बाजूला.

फर्मवेअर चढवताना आरएसटी (रीसेट) आणि जीएनडी (ग्राउंड) या पिना एकमेकींना लागोपाठ दोनदा टेकवा. बूटलोडर (नवं फर्मवेअर आत घेणारा छोटा प्रोग्रॅम) साधारण ८ सेकंद जागा राहतो आणि तेवढ्या वेळापुरता कॉम पोर्ट दिसतो. तो पाहून नॅनो गळ्यात मारला अशी ओरड करू नका. फ्लॅश झालं की तारा जोडण्याआधी एक रो पिन आणि एक कॉलम पिन चिमट्याने टेकवा. अक्षर उमटलं पाहिजे. टाइप-सी सॉकेटचे काही स्वस्त प्रो मायक्रो सी-टू-सी केबलवर मेल्यासारखे पडतात, कारण सीसी तारांवरचे ५.१ किलो-ओहमचे रेझिस्टर बसवलेलेच नसतात. ए-टू-सी केबलवर तेच बोर्ड चालतात. मायक्रो-यूएसबीवाला घेतलात तर सॉकेटच्या कडेने इपॉक्सी भरा, नाहीतर ते कधीतरी ट्रॅकसकट उखडतं.

नव्याने सुरुवात करणार असाल तर आरपी२०४० चिपचा बोर्ड (उदाहरणार्थ रास्पबेरी पाय पिको) घ्यावा हे माझं ठाम मत. यूएसबी त्याच्याही चिपमध्येच आहे. प्रो मायक्रोवर बूटलोडर वजा जाता २८,६७२ बाइट उरतात. व्हाया (कळांची मांडणी बदलायचं ॲप) आणि आरजीबी (रंगीत दिवे) दोन्ही हवं म्हटलं की फर्मवेअर मावेनासं होतं. पिकोवर फ्लॅश २ एमबी. बूटसेल बटण दाबून केबल लावा, पेनड्राइव्हसारखी खिडकी उघडते, तीत यूएफ२ फाइल टाका, झालं. त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, एवढं ध्यानात असू द्या.

आणि नॅनो आधीच सोल्डर झाला असेल तर मॅट्रिक्स उचकटू नका. ५ रो आणि १२ कॉलम म्हणजे १७ तारा, प्रो मायक्रोवर वापरता येणाऱ्या पिना १८. तारांवर चिकटपट्टीची लेबलं लावा, नॅनोपाशी कापा, नव्या बोर्डाला जोडा आणि फर्मवेअरमध्ये पिनांची यादी तेवढी बदला.