‘अणुबॉम्ब नसता तर’ आणि ‘अणुबॉम्ब टाकला नसता तर’

पॅसिफिक युद्धाच्या शेवटाविषयी बोलणे निघाले की दोन प्रश्न हमखास एकमेकांत मिसळतात. पहिला प्रश्न असा की, अणुबॉम्ब तयारच झाला नसता तर जपान कधी आणि कशा रीतीने शरण आला असता. दुसरा असा की, बॉम्ब तयार होता, पण अमेरिकेने तो टाकला नसता तर काय झाले असते. दोन्हींत हिरोशिमा आणि नागासाकी वाचतात, म्हणून दोन्हींचे उत्तर एकच असावे असे वाटते आणि एका प्रश्नासाठी गोळा केलेला पुरावा निर्धास्तपणे दुसऱ्यासाठी वापरला जातो. वास्तविक या दोन प्रश्नांत इतिहासाला फाटा वेगवेगळ्या ठिकाणी फुटतो. हिरोशिमावर बॉम्ब पडला ६ ऑगस्ट १९४५ रोजी. परंतु अमेरिकेच्या निर्णयांवर त्याचा परिणाम त्याआधी तीन आठवडे, म्हणजे १६ जुलैला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील चाचणी यशस्वी झाली तेव्हापासूनच, सुरू झाला होता. बॉम्बने तोक्योला हादरवण्याआधी वॉशिंग्टनला बदलले होते, आणि या दोन प्रश्नांतील सगळा फरक याच गोष्टीत आहे.

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलैला, जर्मनीतील पॉट्सडॅम येथे अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन, ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल आणि रशियाचे सर्वेसर्वा स्टालिन यांची परिषद सुरू झाली. युरोपातील युद्ध संपल्यावर दोन-तीन महिन्यांत जपानविरुद्ध उतरू, असे वचन स्टालिन यांनी फेब्रुवारीतच याल्टा येथील परिषदेत दिले होते. पॉट्सडॅमला पोहोचल्यावर ट्रुमन यांनी आपल्या दैनंदिनीत नोंद केली की रशिया १५ ऑगस्टला युद्धात उतरेल आणि तसे झाले की जपानचा शेवट होईल. चाचणीचा सविस्तर अहवाल २१ जुलैला हाती आल्यावर मात्र त्यांचा पवित्रा इतका बदलला की चर्चिल यांनाही तो जाणवला. परराष्ट्रमंत्री जेम्स बर्न्स यांना तर रशिया उतरण्यापूर्वीच युद्ध आटोपावे असे वाटू लागले. जपानला बिनशर्त शरणागतीचे आवाहन करणाऱ्या २६ जुलैच्या घोषणेवर अमेरिका, ब्रिटन आणि चीन यांची नावे होती; स्टालिन स्वतःचा मसुदा घेऊन आले होते, पण त्यांना सही करायला सांगितलेच गेले नाही.

त्या सहीचा अभाव तोक्योला फार महागात पडला. जपानचे परराष्ट्रमंत्री शिगेनोरी तोगो जुलैच्या मध्यापासून मॉस्कोतील राजदूत नाओताके सातो यांना तारांमागून तारा करत होते, की रशियाच्या मध्यस्थीने सन्मान्य तह घडवून आणा, त्यासाठी राजपुत्र कोनोए यांना विशेष दूत म्हणून पाठवू. या तारा अमेरिका उलगडून वाचत होती. घोषणेवर रशियाची सही नाही, याचा तोक्योत असा अर्थ लावला गेला की मॉस्कोचा दरवाजा अजून उघडा आहे. पंतप्रधान कांतारो सुझुकी यांनी २८ जुलैला ‘मोकुसात्सु’ (मौन बाळगून उपेक्षा करणे) हा शब्द वापरून घोषणा दुर्लक्षित केली, त्यामागे हीच आशा होती.

आता पहिला प्रश्न घेऊ. बॉम्ब तयारच नसता तर पॉट्सडॅममध्ये ट्रुमन यांना रशियाची गरज कमी न होता वाढली असती, आणि घोषणेवर स्टालिन यांची सही मिळवण्याचा प्रयत्न अमेरिकेनेच केला असता, असे मानायला भक्कम आधार आहे. तसे झाले असते तर तोगो यांची आशा ऑगस्टऐवजी जुलैतच मावळली असती. घोषणेच्या बाराव्या परिच्छेदाबाबतही असेच म्हणता येते. अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांच्याकडून आलेल्या मसुद्यात, सध्याच्या राजघराण्याखाली घटनात्मक राजेशाही ठेवण्याची मुभा जपानला असेल, असे वाक्य होते. अंतिम मजकुरातून ते काढले गेले. हाती बॉम्ब नसता तर ते राहिले असते का? राहण्याची शक्यता वाढली असती, एवढेच मी म्हणेन. ते काढण्यामागे केवळ बॉम्ब नव्हता; सम्राटाला अभय देणे म्हणजे शत्रूपुढे नमणे, अशी भावना अमेरिकेत प्रबळ होती आणि बर्न्स यांना लोकमताची चिंता होती.

शिवाय ‘सम्राटाचे आश्वासन दिले असते तर जपान लगेच शरण आला असता’ हा दावाही जसाच्या तसा टिकत नाही. ९ ऑगस्टला जपानच्या युद्धसंचालनाच्या सर्वोच्च मंडळातील सहा जणांची बैठक झाली तेव्हा हिरोशिमा जळून तीन दिवस झाले होते, रशियन फौजा पहाटेच जपानच्या ताब्यातील मांचुरियात घुसल्या होत्या आणि नागासाकीची बातमी बैठक चालू असतानाच आली. तरीही मते तीन विरुद्ध तीन अशी विभागली. युद्धमंत्री अनामी यांच्यासह तिघांना सम्राटाच्या स्थानाची हमी पुरेशी नव्हती. निःशस्त्रीकरण आपणच करू, युद्धगुन्ह्यांचे खटले आपणच चालवू आणि परकीय सैन्याचा ताबा टाळावा किंवा कमीत कमी ठेवावा, असे त्यांचे म्हणणे होते. हा पेच सम्राट हिरोहितो यांनी त्या रात्री स्वतः निर्णय देऊन सोडवला. म्हणून बॉम्ब नसलेल्या जगाबद्दल विचारायचा खरा प्रश्न हा की, सम्राटाला हस्तक्षेप करायला लावेल असा धक्का तिथे कोणता असता. माझ्या मते तो रशियाचा प्रवेशच असता. मध्यस्थीची एकमेव आशा त्याने संपवली, आणि दक्षिणेकडील क्युशू बेटावर फौजा एकवटणाऱ्या सेनाधिकाऱ्यांकडे उत्तरेकडून येणाऱ्या शत्रूला उत्तर नव्हते. १५ ऑगस्टला प्रजेसाठी प्रसारित झालेल्या राजाज्ञेत नव्या क्रूर बॉम्बचा उल्लेख आहे; १७ ऑगस्टला सैन्यासाठी काढलेल्या आज्ञेत मात्र बॉम्बचे नाव नाही, रशियाच्या युद्धप्रवेशाचे आहे.

दुसऱ्या प्रश्नात यातले बरेचसे बदलत नाही. बॉम्ब अस्तित्वात आहे, चाचणी झालेली आहे, म्हणून पॉट्सडॅमची घोषणा प्रत्यक्षात निघाली तशीच निघते, स्टालिन यांच्या सहीविना आणि सम्राटाविषयी मौन बाळगून. जपानची चूक समजूत कायम राहते आणि ६ ऑगस्टपर्यंत सगळे जसेच्या तसे घडते. त्यानंतर फक्त बॉम्ब पडत नाही. म्हणजे पहिल्या जगात जपानला शरणागतीची वाट थोडी आधी दिसू शकली असती, तर दुसऱ्या जगात ती वाट तशीच अरुंद राहते आणि धक्का मात्र एकाने कमी होतो. म्हणून दुसऱ्या जगातील युद्ध अधिक लांबले असते असे मला वाटते. हे अनेकांना उलटे वाटते, कारण बॉम्ब हाती असूनही न टाकणारी अमेरिका ही अधिक दयाळू आणि म्हणून लवकर शांतता आणणारी अमेरिका असेल, असे आपण नकळत गृहीत धरतो.

या दुसऱ्या प्रश्नाला आणखी एक अडचण आहे. बॉम्ब ‘न टाकण्याचा’ निर्णय नेमका कोणी आणि केव्हा घ्यायचा होता? जनरल थॉमस हँडी यांच्या सहीने २५ जुलैला निघालेल्या आदेशात हिरोशिमा, कोकुरा, नीगाता आणि नागासाकी ही लक्ष्ये दिली होती आणि ३ ऑगस्टच्या सुमारानंतर हवामान अनुकूल होताच पहिला बॉम्ब टाकावा, पुढचे बॉम्ब तयार होतील तसे वापरावेत, असे म्हटले होते. टाकण्यासाठी वेगळा हुकूम लागणार नव्हता. थांबवण्यासाठी लागणार होता, आणि तो ट्रुमन यांनी १० ऑगस्टला, दोन शहरे गेल्यावर, दिला. बॉम्बच्या प्रकल्पातील शिकागो येथील शास्त्रज्ञांनी जूनमध्ये त्यांच्यापैकी फ्रँक यांच्या नावाने सादर केलेल्या अहवालात निर्जन ठिकाणी प्रात्यक्षिक दाखवण्याची सूचना होती, जुलैत शास्त्रज्ञ झिलार्ड यांच्या बॉम्बच्या वापराविरुद्धच्या अर्जावर ७० जणांच्या सह्या होत्या. पण बॉम्ब घडवणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख ओपेनहायमर सदस्य असलेल्या शास्त्रीय समितीने युद्ध संपवू शकेल असे प्रात्यक्षिक आपल्याला सुचत नाही, असे कळवले होते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘टाकला नसता’ या वाक्यात ‘कधीपर्यंत’ हा शब्द गाळलेला असतो. क्युशूवर १ नोव्हेंबर १९४५ रोजी आणि तोक्योजवळच्या कांतो मैदानावर १ मार्च १९४६ रोजी उतरण्याची अमेरिकेची योजना होती. क्युशूवर जपानी फौजांची संख्या अपेक्षेपेक्षा कितीतरी वाढल्याचे उलगडलेल्या संदेशांतून दिसू लागल्यावर सेनाप्रमुख मार्शल यांनी ७ ऑगस्टला पॅसिफिकमधील सेनापती मॅकआर्थर यांच्याकडे दुसऱ्या ठिकाणांची चौकशी केली. १३ ऑगस्टला तर क्युशूवर उतरण्याच्या वेळी रणांगणावर वापरण्यासाठी किती बॉम्ब मिळतील याची विचारणा वॉशिंग्टनमध्ये झाली, आणि ऑक्टोबरअखेर सात असा अंदाज दिला गेला. तेव्हा शहरांवर बॉम्ब न टाकणारी अमेरिका नोव्हेंबरात किनाऱ्यावर बॉम्ब टाकून, किरणोत्साराची पुरेशी कल्पना नसताना, आपलेच सैनिक त्या भागातून पुढे पाठवती, ही शक्यता दुसऱ्या जगात खरी आहे. पहिल्या जगात ती नाहीच.

वादात वारंवार येणारी दोन विधाने या फरकाच्या प्रकाशात वेगळी दिसतात. स्टिमसन यांनी १९४७ मध्ये लिहिले की आक्रमण करावे लागले असते तर एकट्या अमेरिकन सैन्याची हानी दहा लाखांवर गेली असती. यात बॉम्ब किंवा आक्रमण, असे दोनच पर्याय गृहीत आहेत. उलट अमेरिकेच्याच सामरिक बॉम्बहल्ला सर्वेक्षणाने १९४६ मध्ये निष्कर्ष काढला की बॉम्ब, रशिया आणि आक्रमणाची योजना, हे तिन्ही नसते तरी जपान ३१ डिसेंबर १९४५ पूर्वी, आणि बहुधा १ नोव्हेंबरपूर्वीच, शरण आला असता. हवाई मोहिमेचे मूल्यमापन करणाऱ्या संस्थेने हवाई हल्ल्यांना श्रेय द्यावे यात नवल नाही. तरी जपानची जी सागरी नाकेबंदी चालू होती तिचा परिणाम खरा होता. जपानची सुमारे ८९ लाख टन व्यापारी जहाजे बुडाली किंवा निकामी झाली होती, मार्चअखेरपासून अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमाने बंदरांत आणि सामुद्रधुनींत पाणसुरुंग पेरत होती, आणि त्या वर्षी भाताचे पीकही फार वाईट आले. पण नाकेबंदीने आलेला शेवट म्हणजे हिवाळ्यातील उपासमार, आणि तीत आधी मुले आणि म्हातारी माणसे मेली असती. शहरांवरचे आगीचे बॉम्बहल्ले थांबले असते असे तर दोन्ही जगांत नाही. ९-१० मार्चच्या एका रात्रीत तोक्योत ८० हजार ते एक लाख माणसे जळून मेली होती.

युद्धानंतरचे नकाशे दोन्ही जगांत कसे दिसले असते, याचा एकच नमुना पुरे. स्टालिन यांनी १६ ऑगस्टला जपानच्या होक्काइदो या उत्तरेकडील बेटाचा उत्तर भाग मागितला आणि ट्रुमन यांनी १८ ऑगस्टला नकार दिला. हा नकार बॉम्ब हाती असलेल्या आणि जपानची शरणागती आधीच मिळवलेल्या माणसाचा होता. पहिल्या जगात, बॉम्बशिवाय आणि रशियाच्या मदतीने संपलेल्या युद्धानंतर, तो तितक्या सहज देता आला नसता.

भारतीय सैनिकांसाठीही या तारखांचा अर्थ अगदी प्रत्यक्ष होता. जपानच्या ताब्यातील मलायात उतरण्याची ब्रिटिशांची ‘झिपर’ मोहीम ठरली होती आणि तिच्यात मराठा पलटणी असलेली २३वी भारतीय डिव्हिजन होती. शरणागतीनंतरही ती योजना तशीच पार पडली. ९ सप्टेंबर १९४५ रोजी सैनिक मोरिबच्या किनाऱ्यावर विनाविरोध उतरले आणि तरीही त्यांच्या गाड्या चिखलात रुतून बसल्या. युद्ध ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत लांबले असते तर त्याच चिखलात अडकलेल्या त्या पलटणींवर समोरून गोळीबार होत असता.