फिगर स्केटिंगची सीनियर आंतरराष्ट्रीय स्पर्धा : नाव कसं जातं आणि कुठे अडतं

"फॉर्म कुठे मिळेल?" बडोद्यात स्केटिंगच्या पोरांचे कागद लावून द्यायला लागल्यापासून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तर आधीच देऊन टाकतो. फॉर्म नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळाडू स्वतः नाव घालू शकत नाही, क्लब घालू शकत नाही, कोचही नाही. जागतिक संस्था म्हणजे इंटरनॅशनल स्केटिंग युनियन, आयएसयू. तिची भारतातली सदस्य आहे आइस स्केटिंग असोसिएशन ऑफ इंडिया. नाव पाठवते ती असोसिएशन. आपण करायचं ते एवढंच की तिने नाव पाठवायचं ठरवलं तर आपल्या कागदात खोट निघू नये. आणि खोट निघते, दर वेळी त्याच चार-पाच जागी.

पहिली जागा म्हणजे चाकं. आपल्याकडे पोरं शिकतात रोलरवर. दांडिया बाजारातल्या एक काकू प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये चौदा सर्टिफिकिटं घेऊन आल्या होत्या, प्रत्येकाला वेगळं कव्हर. चौदाही रोलरची. रोलरची संघटना निराळी, तिची जागतिक संस्थाही निराळी. बर्फाच्या निवडीत त्या चौदांना काडीची किंमत नाही. त्यांना ते सांगताना मला कसंसंच झालं. सर्टिफिकिटं जपून ठेवा, शाळा-कॉलेजात कामी येतील, पण इथे बर्फावरच्या राष्ट्रीय स्पर्धेचा निकाल हवा असतो. म्हणजे गुरुग्रामच्या मॉलमधलं रिंक नाहीतर डेहराडूनचं हिमाद्री, आणि तिथवरचा रेल्वेचा खर्च. शिमल्याचं रिंक जुनं आणि नावाजलेलं, पण थंडी असेल तेवढे दिवसच.

आता वय. इथे हुशार माणसंही चुकतात. सीनियर गटाला पूर्वी १५ वर्षं पुरायची. २०२२ च्या काँग्रेसमध्ये, म्हणजे आपल्या महासभेत, आयएसयूने मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवली आणि २०२४-२५ च्या मोसमापासून ती १७ आहे. पण १७ कधी? स्पर्धेच्या दिवशी नाही. मोसम सुरू होतो १ जुलैला, आणि त्या तारखेच्या आधी १७ पूर्ण झालेली हवीत. २०२६-२७ साठी हिशेब केला तर ३० जून २००९ किंवा त्याआधीचा जन्म. एका मुलीची जन्मतारीख ३ जुलै २००९. तिचे वडील माझ्याशी अर्धा तास वाद घालत होते, "अहो, स्पर्धा फेब्रुवारीत आहे, तोवर ती साडेसतराची होईल!" होईल ना. पण तीन दिवसांच्या फरकाने तिचा अख्खा मोसम पुढे गेला. तोवर ज्युनियर खेळायला मोकळी आहे. सिंगल्समध्ये ज्युनियरची वरची हद्द १९ ची, तीही अशीच १ जुलैला मोजतात.

सगळ्यात जास्त रडारड गुणांवरून होते. फोर कॉन्टिनेंट्स (युरोप सोडून बाकीच्या खंडांची) आणि वर्ल्ड चॅम्पियनशिप या आयएसयूच्या स्वतःच्या स्पर्धा. तिथे किमान तांत्रिक गुण मिळवल्याशिवाय प्रवेश नाही. फोर कॉन्टिनेंट्सला एका देशाचे प्रत्येक प्रकारात तीनपर्यंत खेळाडू जाऊ शकतात, वर्ल्डला देशाची हमखास जागा एकच, पण दोन्हीकडे गुणांची अट चुकत नाही. स्पर्धेचे भाग दोन, आधी छोटा शॉर्ट प्रोग्रॅम, मग मोठा फ्री स्केटिंग, आणि गुण दोन्हींचे वेगळे. पालक निकालाचा कागद आणतात आणि बोट ठेवतात ते सगळ्यात मोठ्या आकड्यावर. तो आकडा आपल्या कामाचा नाही. त्या कागदावर टीएसएस म्हणजे त्या भागाचे एकूण गुण, टीईएस म्हणजे उड्या, गिरक्या, पदन्यास यांचे तांत्रिक गुण, पीसीएस म्हणजे सादरीकरणाचे. अट असते ती फक्त टीईएसवर. समजा शॉर्ट प्रोग्रॅममध्ये मुलीला टीईएस २१.४० मिळाले, पीसीएस १६.९६, आणि पडल्याचा एक गुण गेला, एकूण ३७.३६. किमान गुण २३ असतील तर ही मुलगी बाहेर, एकूण कितीही छान दिसोत.

शिवाय शॉर्ट आणि फ्री स्केटिंग या दोन्हींची अट वेगवेगळी पुरी करायची. एकाच स्पर्धेत नाही जमलं तर दोन स्पर्धांत मिळून चालतं, आणि ही सवलत बहुतेकांना ठाऊकच नसते. मात्र ते गुण सीनियर आंतरराष्ट्रीय स्पर्धेतले हवेत, चालू किंवा लगतच्या मागच्या मोसमातले हवेत, आणि स्पर्धेच्या पहिल्या अधिकृत सरावाच्या २१ दिवस आधी मिळालेले हवेत. राष्ट्रीय स्पर्धेतले गुण कितीही भरघोस असले तरी इथे शून्य. किमान आकडे दर मोसमाला नव्याने जाहीर होतात, म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणारा दोन वर्षांपूर्वीचा फोटो दाखवून माझ्याशी भांडू नका.

निकाल वाचायची सवय लावायची असेल तर हार्बिनच्या २०२५ च्या आशियाई हिवाळी खेळांचे कागद घेऊन बसा. पुरुषांत शॉर्टनंतर जपानचा युमा कागियामा १०३.८१ वर, कोरियाचा चा जुन-ह्वान ९४.०९ वर, जवळजवळ दहा गुणांनी मागे. शेवटी सुवर्ण चाचं, २८१.६९ विरुद्ध २७२.७६. महिलांतही तसंच झालं, जपानची काओरी साकामोतो शॉर्टला पुढे होती आणि कोरियाच्या किम चे-यॉनने तिला २१९.४४ विरुद्ध २११.९० ने मागे टाकलं. फ्रीमध्ये केवढी उलथापालथ होते ते यात दिसतं. आणि हो, आशियाई खेळांचा रस्ता ऑलिंपिक संघटनेतून जातो, तो वेगळा.

त्याच हार्बिनला आपल्याकडून तारा प्रसाद होती. अमेरिकेत जन्मलेली, तिथेच शिकलेली. भारताकडून खेळता यावं म्हणून तिने भारतीय नागरिकत्व घेतलं. हे मुद्दाम सांगतो, कारण बडोद्यात दर दुसऱ्या घरातलं कुणीतरी परदेशात आहे आणि नातीचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते) दाखवून आजोबा विचारतात, "हे चालेल ना?" नाही चालत. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. पासपोर्ट भारतीय हवा, आणि भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणजे तिकडचा सोडावा लागणार. मुलगी आधी दुसऱ्या देशाकडून आंतरराष्ट्रीय खेळलेली असेल तर त्या संघटनेची परवानगी आणि वर्षभराची थांबणूक वेगळी.

ज्यांचा पासपोर्ट भारतीयच आहे त्यांनीही निर्धास्त राहू नये. लहानपणी काढलेला पासपोर्ट पाच वर्षं किंवा अठरावा वाढदिवस, यातलं जे आधी येईल तोवरच चालतो. सीनियरचं वय १७. नेमका त्याच वर्षी पासपोर्ट संपतो! पंधराव्यानंतर काढताना दहा वर्षांचा मागता येतो, तो मागा.

नावाचा घोळ तर आपला खास. शाळेच्या एलसीवर, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, अटक (आडनाव) आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर अटक वेगळ्या रकान्यात. जन्माचा दाखला गुजरातीत, त्यात कुळकर्णीचं कुलकर्णी झालेलं. आणि पुष्कळांच्या दाखल्यावर मुलीचं नावच नाही, नुसतं "बेबी"! जन्माच्या नोंदीत नाव पहिल्या १२ महिन्यांत फुकट घालता येतं, नंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. सीनियरला नाव जायची वेळ येते तेव्हा ती मुदत उलटलेली असते. एका खिडकीवर मला सांगितलं, सोगंदनामा (प्रतिज्ञापत्र) आणा, आणला, मग म्हणाले, हा नको, दुसऱ्या नमुन्यातला आणा. नमुना भिंतीवर लावलेला होता, वर कॅलेंडर टांगलेलं. मूल आज दहा वर्षांचं असेल तर या आठवड्यात घरातला दाखला काढून बघा.

शेवटच्या तारखेबद्दल. स्पर्धेच्या घोषणापत्रकात (अनाउन्समेंटमध्ये) छापलेली तारीख असोसिएशनने आयोजकांना नावं कळवायची असते, तुमची नव्हे. तुमची तारीख असोसिएशन सांगेल ती, आणि ती बरीच आधीची असते. छापील तारखेला मेल करून "अजून आजचा दिवस आहे" म्हणणारे मी पाहिलेत.

खेळाडूने आयएसयूचं घोषणापत्र (डिक्लरेशन) सही करून द्यायचं. अठराच्या आतली असेल तर पालकाचीही सही. डोपिंगचे नियम त्यातच मान्य होतात, म्हणून सर्दीची गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नका, काहींत स्युडोइफेड्रीन असतं.

विमा नीट वाचा. युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो आणि तो कुठेही मिळतो, पण बारीक अक्षरात "स्पर्धात्मक खेळ वगळून" असं असलं तर बर्फावर मोडलेल्या मनगटाचा खर्च तुमच्या खिशातून. व्हिसाच्या बोटांच्या ठशांसाठी अहमदाबादला जावं लागतं, मुलगी अल्पवयीन असेल तर आईवडील दोघांचं नोटरी केलेलं संमतीपत्र बरोबर. फोटो काढताना स्टुडिओवाल्याला "३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी" असं चिठ्ठीवर लिहून द्या. नुसतं "पासपोर्ट साइझ" म्हटलंत तर तो निळ्या पडद्यापुढे बसवेल, आणि अहमदाबादहून परत यावं लागेल.