शंभर थेंब रक्त, एक थेंब वीर्य?

‘धातू जाणे’ (म्हणजे वीर्य जाणे), ‘स्वप्नदोष’ (झोपेत वीर्य जाणे) यांवर हमखास इलाज सांगणाऱ्या जाहिराती एसटी स्टँडच्या मुतारीत सगळ्यांनीच वाचल्यात. त्यांचं भांडवल एकच: शंभर थेंब रक्त आटलं की वीर्याचा एक थेंब बनतो, म्हणून वीर्य गेलं की अंगातली ताकद गेली. (कुणी चाळीस म्हणतं. आकड्यावर त्यांचंच एकमत नाही.)

वीर्य रक्त आटवून बनत नाही. एका वेळी साधारण दीड ते पाच मिलिलिटर, म्हणजे फार तर चमचाभर. त्यातला जवळपास दोन-तृतीयांश भाग मूत्राशयामागच्या वीर्यकोशांचा स्राव. त्यात फ्रुक्टोज असतं. शुक्राणूंचं इंधन म्हणजे ही साखर. उरलेलं बहुतेक प्रोस्टेट ग्रंथीचं. ज्यांच्यावरून एवढा गहजब, ते शुक्राणू २ ते ५ टक्के! वृषणात एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात खरे, पण रोज कोट्यवधी नवे येतच असतात. न वापरलेले शुक्राणू शरीरच मोडून जिरवून टाकतं, त्यामुळे साठवून ताकद वाढायचा प्रश्नच नाही.

वयात आलेल्या मुलाचं झोपेत वीर्य जाणं हा आजार नव्हे. थकवा खरोखर जात नसेल तर डॉक्टरांकडे जाऊन आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. भिंतीवरचा नंबर फिरवू नये.