पार्श्वभूमी : दशमांश, वर्गणी आणि संतोषाने देणे

रविवारी उपासनेत दानाची थैली फिरते तेव्हा तिच्यात कुणाचा दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, पडतो, कुणाची सभासद म्हणून भरायची वर्गणी, कुणाचे उपकारस्तुतीचे, म्हणजे देवाचे आभार मानण्याचे, दान. मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, वहीत यांचे रकाने वेगळे, बोलताना मात्र सगळ्याला ‘दान’च म्हणायचे. आपल्याकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत देण्यावरून दर दोन-चार वर्षांनी जी धुसफूस होते, तिचे मूळ बरेचसे या सरमिसळीत आहे.

अहमदनगरला अमेरिकन मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. पहिली वीसेक वर्षे पाळकापासून (मंडळीच्या धर्मगुरूपासून) शाळेच्या छपरापर्यंतचा खर्च बहुतांशी मिशनच करी. १८५४ च्या अखेरीस मिशनच्या मुख्य कचेरीतून, बोस्टनहून, शिष्टमंडळ आले आणि धोरण बदलले : इथल्या मंडळ्यांना इथलेच पाळक हवेत आणि त्यांना मंडळ्यांनीच पोसावे. विचार रास्त होता, पण तो पेलायचा कुणी? बहुतेक विश्वासणारे गावकुसाबाहेरचे, बलुत्यावर जगणारे. त्यांच्या घरात धान्य येई, रोकड क्वचितच. दरमहा रोख हातात पडे ती मिशनच्या नोकरांच्या : शाळामास्तर, प्रचारक, घरोघर बायबल वाचून दाखवणारी बायबलबाई. त्यामुळे स्वावलंबनाचा भार याच थोड्या लोकांवर आला.

काही मिशनांत यातूनच पगारातून दशमांश आधीच कापून घेण्याची रीत पडली. या निर्णयावर तेव्हाही दोन मते होती. समर्थक म्हणत, यामुळे सवय लागते आणि पाळकाचे वेतन वेळेवर निघते. एरवी त्याने उपाशी राहायचे का? विरोधकांचा प्रश्न साधा होता : जो पैसा हातात आलाच नाही, तो मी दिला असे कसे म्हणू? मला हा दुसरा प्रश्न जास्त खरा वाटतो. कपातीने हिशेब जुळला, पण ‘दशमांश’ या शब्दाला साहेबाच्या कचेरीचा वास लागला. आजही ‘दशमांश द्या’ म्हटले की जुन्या घरांतले काही जण आक्रसतात.

पाठवणाऱ्यांचाही या बाबतीतला अनुभव कोवळाच होता. बोस्टन ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये आहे, तिथे चर्चसाठीचा कर १८३३ साली बंद झाला, म्हणजे नगरचे काम सुरू झाल्यावर दोन वर्षांनी. इंग्लंडच्या खेड्यांत तर दशमांश ही शेतमालावरची सक्तीची वसुली होती. १८३६ च्या कायद्याने ती धान्याऐवजी रोखीत आली. तिच्यामागे ७७९ चा फ्रँक राजाचा हुकूम आणि त्याच्याही आधीचे ५८५ चे मॅकोनच्या धर्मसभेचे फर्मान होते.

त्यापूर्वीची पद्धत निराळी होती. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस कार्थेजचा एक लेखक मंडळीच्या पेटीचे वर्णन करतो : महिन्यातून एकदा, ज्याला वाटेल त्याने, जमेल तेवढे टाकावे, त्यातून गरिबांचे जेवण, त्यांचे दफन आणि अनाथांचा सांभाळ होई. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी मदत गोळा करताना प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातही दहाव्या भागाचा उल्लेख नाही. ज्याने त्याने मनात ठरवून द्यावे, कुरकुरत किंवा भाग पडते म्हणून देऊ नये, कारण संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो, एवढेच तिथे सांगितले आहे. आपण ज्याला ‘संतोषाने’ म्हणतो, त्या जागी मूळ ग्रीकमध्ये ‘हिलारोस’ आहे, म्हणजे चेहऱ्यावर दिसणारी प्रसन्नता. संतोषाने देणाऱ्याविषयीचे हे वाक्य जुन्या करारातल्या नीतिसूत्रांच्या ग्रीक भाषांतरातल्या ओळीवर बेतलेले आहे. ती ओळ हिब्रू पाठात नाही, म्हणून आपल्या पवित्र शास्त्रात नीतिसूत्रांत शोधून सापडत नाही.

सगळा दशमांश भांडारात आणा, या मलाखी संदेष्ट्याच्या वचनावर मात्र आपल्याकडे भरपूर उपदेश होतात. नियमशास्त्रात दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश वतन नसलेल्या लेव्यासाठी (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातल्या माणसासाठी) आणि परका, अनाथ, विधवा यांच्यासाठी गावातच ठेवायला सांगितला आहे. तो भाग व्यासपीठावरून फार कमी ऐकू येतो, याचे वाईट वाटते.

वर्गणीचे प्रकरण वेगळे. अनेक मंडळ्यांत वार्षिक सभेच्या मतदारयादीत नाव राहायचे तर वर्षाची वर्गणी भरलेली लागते. म्हणून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांची निवडणूक जवळ आली की दोन-दोन वर्षांची थकबाकी एका आठवड्यात जमा होते. ती घेऊ नये असे नाही. फक्त तिला अर्पण म्हणू नये.

परदेशी निधीचा आधार आटत गेला, तसा हा गुंता वाढला. परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने असा निधी दिल्लीतल्या एकाच बँकशाखेत घेणे बंधनकारक झाले आणि त्यातून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. त्याच वर्षी टाळेबंदीत चर्च बंद राहिली आणि थैलीची जागा अनेक ठिकाणी मोबाइलवरच्या क्यूआर कोडने घेतली.

सुगीच्या सणाला मात्र अजून बाजरीची कणसे, भोपळा, गावरान अंडी आणि पाय बांधलेली कोंबडी वेदीपुढे येते. उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. एखाद्या लिंबावर शंभराच्या पुढे बोली जाते. घेणारा पैसे मोजतो, लिंबू परत टेबलावर ठेवतो आणि पुन्हा बोली सुरू होते. पोरेटोरे ओरडून आकडा वाढवतात. संध्याकाळी खजिनदार वहीत एकच ओळ लिहितो : ‘सुगीचा सण, जमा’. पुढे रक्कम असते, कुणाचे नाव नसते.