रेसचा स्क्रू आणि शून्याचा घोळ

उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही गॅरेजवर एक तक्रार हमखास कानावर पडते: ‘गाडी घडीघडी बंद पडी ऱ्हायनी.’ रेल्वे फाटकावर किंवा पंपाच्या रांगेत ॲक्सिलरेटरची मूठ सोडली की इंजिन दोन आचके देतं आणि थांबतं. त्यावरचा उपायही ठरलेला. रेसचा स्क्रू, म्हणजे मूठ सोडल्यावर इंजिन किती फेऱ्यांवर चालावं हे ठरवणारा, अर्धा आटा आत. फेरे वाढतात, गाडी चालू राहते, गिऱ्हाईक खूश होऊन निघून जातं. कार्बोरेटरच्या गाडीला हा उपाय बऱ्याच अंशी लागू पडायचा. पण १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचं बीएस-६ हे मानक लागू झालं आणि जवळपास सगळ्या नव्या मोटारसायकली कार्बोरेटर सोडून इंजेक्शनवर, म्हणजे संगणकाने मोजून पेट्रोल फवारण्यावर गेल्या. या गाड्यांत तोच अर्धा आटा दुखणं वाढवू शकतो, कारण हा स्क्रू आता हवेबरोबर एका मोजमापालाही हलवतो.

इंजिनाला सगळ्यात अवघड काम कोणतं, असं विचारलं तर लोक चाळीसगावहून कन्नडचा घाट चढण्याचं सांगतील, नाहीतर ट्रिपल सीटचं. मी म्हणेन, काहीही न ओढता जागेवर चालू राहण्याचं. १२५ सीसीची गाडी मिनिटाला साधारण १४०० फेऱ्यांवर उभी आहे असं धरा. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक स्फोट, म्हणजे सेकंदाला जेमतेम बारा. प्रत्येक स्फोटाला लागणारं पेट्रोल तीन-चार मिलिग्रॅम, एका थेंबाहूनही कमी. शिवाय थ्रॉटलची चकती, म्हणजे हवेच्या वाटेतलं मुठीने उघडणारं झाकण, जवळजवळ मिटलेली असल्याने सिलिंडरमध्ये ताजी हवा थोडी येते आणि मागच्या स्फोटाचा जळका वायू त्या मानाने बराच उरतो. अशा भेसळीत ज्योत रेंगाळत पसरते. एखादा स्फोट कमी पडला तर पुढचा होईपर्यंत गाडी तगते ती केवळ फ्लायव्हीलच्या वजनावर. सिलिंडर एकच असेल तर मदतीला दुसरा कोणी नसतो. घाटात दिसणार नाही असा बारीक दोष सिग्नलला उघडा पडतो तो यामुळेच.

पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला नऊच भाग पुरते, म्हणून वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हा आकडा साधारण साडेतेरावर येतो. आता आपल्याकडची हवा बघा. जानेवारीच्या पहाटे आठ अंश आणि मेच्या दुपारी पंचेचाळीस, या दोन टोकांमध्ये हवेची घनता सुमारे बारा टक्क्यांनी घटते. वर सातपुड्यात तोरणमाळला, साडेअकराशे मीटरच्या आसपास, हवेचा दाब जळगावपेक्षा दहाएक टक्के कमी भरतो. कार्बोरेटरला यातलं काहीच कळत नाही. हवा विरळ झाली तरी तो पेट्रोल त्या प्रमाणात कमी करत नाही आणि मिश्रण घट्ट होतं. म्हणून जुने मिस्त्री हिवाळ्यात एक सेटिंग ठेवायचे आणि उन्हाळ्यात दुसरं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

इंजेक्शनच्या गाडीत हा हिशेब ईसीयू नावाचा छोटा संगणक करतो. आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि दाब सांगायला सेन्सर असतात, सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा असतो, आणि चकती किती उघडली आहे हे सांगतो थ्रॉटल पोझिशन सेन्सर, गॅरेजच्या भाषेत टीपीएस. हा आतून बहुधा जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखाच असतो: कार्बनची पट्टी आणि तिच्यावर सरकणारा संपर्क. तीन वायरी. एकीवर पाच व्होल्ट, एक अर्थ, तिसरीवर उत्तर. चकती मिटलेली असताना उत्तर अर्ध्या व्होल्टच्या आसपास येतं, पूर्ण उघडल्यावर चार ते साडेचार.

चकतीच्या ऐंशी-नव्वद अंशांच्या प्रवासाला साधारण चार व्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या दहाव्या भागाला दोन अंश. हायवेवर मूठ पिळलेली असताना दोन अंशांना काही किंमत नाही. पण आयडलिंगला, म्हणजे मूठ सोडून जागेवर चालताना, चकती उघडी असते तीच मुळी अंश-दोन अंश. काट्याचं शून्य दोन ग्रॅमने हललं असेल तर कापसाच्या क्विंटलला कोणी विचारत नाही. तोच काटा जळगावच्या सराफ बाजारात ठेवला तर भांडण होईल. टीपीएसचं शून्य हलल्याचा त्रास नेमका मूठ सोडल्यावर का होतो, त्याचं उत्तर एवढंच.

आता त्या अर्ध्या आट्याकडे या. हा स्क्रू चकतीला पूर्ण मिटण्यापासून अडवतो. तो आत गेला की चकती उघडी राहते आणि टीपीएस ०.५ ऐवजी ०.७ सांगू लागतो. ईसीयू समजतो की चालकाने मूठ थोडी पिळली आहे. मग तो आयडलिंगचे खास नियम बाजूला ठेवतो. एरवी तो ठिणगीची वेळ क्षणाक्षणाला पुढे-मागे करून फेरे सांभाळत असतो, तेही सुटतं. घाट उतरताना मूठ मिटल्यावर बहुतेक इंजेक्शन गाड्या पेट्रोल साफ तोडतात. ईसीयूला मूठ मिटल्याचं कळलंच नाही, तर ते तोडणंही होत नाही, इंजिन गाडीला हवं तसं रोखत नाही आणि सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. इतकं होऊन मीटरवरचा पिवळा दिवा लागेलच असं नाही. वायर तुटली किंवा शॉर्ट झाली, तर व्होल्टेज पार खाली किंवा वर जातं आणि दिवा लागतो. ०.७ हा ईसीयूच्या लेखी सभ्य आकडा आहे.

म्हणून स्क्रूड्रायव्हरला हात घालण्याआधी हवेची वाट तपासावी. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ बारीक असते. एअर फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरच्या बराच आधी बदलावा लागतो. थ्रॉटल बॉडीच्या, म्हणजे चकती जिच्यात बसते त्या नळीच्या, कडेला काजळी बसली की आयडलिंगची बारीकशी फट बुजते, आणि नुसत्या सफाईने निम्म्या तक्रारी मिटतात असं माझं मत आहे. थ्रॉटल बॉडी आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोड उन्हाने व इंजिनाच्या धगीने चिरतो. गाडी चालू ठेवून त्यावर थोडं पाणी शिंपडावं; फेरे बदलले तर चोरटी हवा तिथूनच शिरतेय. हँडल उजवी-डावीकडे वळवून पाहावं. फेरे चढले तर रेसची केबल ताणली जातेय, सेन्सर बिचारा निर्दोष आहे. प्लग, टॅपेट, बॅटरी हे तर कुठलाही मिस्त्री बघतोच.

हे सगळं ठीक निघालं, तरच टीपीएस. चावी चालू, इंजिन बंद, मूठ मिटलेली. तिसऱ्या वायरीच्या मागून टाचणी सरकवून मीटर लावायचा आणि आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचा. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा चालत नाही. काही गाड्यांत सेन्सरच्या स्क्रूंची भोकं लांबट असतात. तिथे स्क्रू ढिले करून सेन्सर केसभर फिरवता येतो. कसताना तो पुन्हा हलतो, तेव्हा कसल्यावर परत मोजावं, आणि मूठ चार-सहा वेळा झटकन सोडून काटा त्याच जागी येतो का तेही बघावं. भोकं गोल असतील तर सेन्सर फिरवायची सोयच नाही. तिथे कंपनीच्या पद्धतीने ईसीयूला नवं शून्य शिकवावं लागतं. चकतीच्या स्क्रूवर रंगाचा ठिपका असेल तर तो कारखान्यात लावून दिलेला आहे, त्याला हात लावू नये. फेरे वाढवायचेच असतील तर हवेच्या आडवाटेचा वेगळा स्क्रू असलेल्या गाड्यांत तो वापरावा, तोही इंजिन चांगलं तापल्यावर. ज्यांत हे काम मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह करतो, त्यांत फिरवायला काही ठेवलेलंच नसतं.

एक दुखणं मात्र कितीही जुळवलं तरी बरं होत नाही. मोटारसायकल आयुष्याचा मोठा भाग थोड्याशा पिळलेल्या मुठीवर काढते, त्यामुळे कार्बनची पट्टी तेवढ्याच जागी झिजते. मग ठरावीक वेगाला गाडी अडखळते आणि त्याच्या वर-खाली सुरळीत पळते. अशा वेळी जुना काट्याचा मीटर डिजिटलपेक्षा उपयोगी. मूठ अगदी हळू पिळत गेलं की काटा सरळ चढायला हवा. एखाद्या जागी तो थरथरला किंवा पडून पुन्हा उठला, तर पट्टी गेली. सेन्सर बदलायचा, आणि नव्याचं शून्य पुन्हा तपासायचं.